बीडचे प्रश्न आणि बीडचा अर्जदार

बीड जिल्ह्याकडे अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले, अशी तक्रार कुणाला करता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे ८०७ मुली निघाल्या, जिल्हा राज्यात तळाला गेला आणि तेव्हापासून येथे पाहणी करणाऱ्यांची रीघ लागली. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ऊसतोड महिलांच्या आरोग्याचा प्रश्न हाती घेतला. ८२,३०९ जणींच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली आणि मग ही रीघ परदेशांतूनही येऊ लागली. दुष्काळ, स्थलांतर, बालविवाह, गर्भलिंगनिदान, मुकादमाची उचल, यांपैकी कुठल्याही विषयावर प्रश्नावली घेऊन फिरणारा माणूस आज बीडच्या गावांत नवलाचा राहिलेला नाही. नवलाचा आहे तो उलट्या दिशेने निघालेला माणूस, म्हणजे याच गावांत वाढून मानवशास्त्राच्या एमए किंवा पीएचडीसाठी पुण्याच्या, हैदराबादच्या, लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या विभागाकडे अर्ज करणारा, आणि आपल्या जिल्ह्याविषयीचा प्रश्न स्वतः मांडणारा. असे अर्जदार इतके थोडे का? पैसा, इंग्रजी आणि माहितीचा अभाव ही तीन कारणे कुणीही सांगेल. तिन्ही खरी आहेत, पण ती दुसऱ्या क्रमांकाची आहेत. आपल्याला पडलेला प्रश्न आधीच्या अभ्यासकांशी वाद घालत वीस-पंचवीस पानांत लिहून दाखवता येतो का, याची परीक्षा हा अर्ज घेतो, आणि बीडच्या मुलाला पदवीच्या सगळ्या वर्षांत ही तालीम कुणी देत नाही. तालीम नसली की माणूस प्रश्नाच्या जागी स्वतःचे आयुष्य मांडतो. अर्ज फसतो तो तिथे.

अर्जात काय मागतात हे आधी पाहू, कारण त्याविषयी गैरसमज फार. अमेरिकेत पीएचडीला जायचे तर जीआरई द्यावी लागते, ही समजूत आता जुनी झाली; गेल्या काही वर्षांत मानवशास्त्राच्या बहुतेक विभागांनी ती परीक्षा काढून टाकली आहे. उरते ते असे: आपण काय, का आणि कुणाच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासणार हे सांगणारे दोन-तीन पानांचे निवेदन म्हणजे एसओपी, लेखनाचा नमुना, तीन शिफारसपत्रे, गुणपत्रके आणि इंग्रजीची परीक्षा. मुदत बहुतेक ठिकाणी डिसेंबरात संपते, निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये लागतात, आणि निवड झालेल्यांनी साधारणपणे १५ एप्रिलपर्यंत होकार कळवायचा असतो. या यादीत गुणपत्रकाचे वजन आपल्याकडे समजतात त्याहून पुष्कळ कमी. निवड करणारे प्राध्यापक खऱ्या अर्थाने वाचतात ते निवेदन, नमुना आणि पत्रे. आपल्याकडची रीत नेमकी उलटी आहे. हैदराबाद किंवा दिल्ली विद्यापीठात मानवशास्त्राला जायचे तर सीयूईटी-पीजी ही पर्याय निवडण्याची परीक्षा द्यायची. ‘इग्नू’ची दूरशिक्षणाची एमए करायची तर पदवी पुरते. आत शिरायला हे सोपे आहे आणि ज्याला शक्य आहे त्याने ते जरूर करावे. पण या वाटेवर कुणी विचारत नाही की बाबा, तुला नेमके काय शोधायचे आहे? दोन वर्षांनी तोच विद्यार्थी पीएचडीच्या दारात उभा राहतो तेव्हा हा प्रश्न त्याला पहिल्यांदा ऐकू येतो.

मराठी माणसाला हा प्रश्न पूर्वी ऐकू आलाच नाही असे मात्र नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जे या शास्त्राच्या वाटेला गेले त्यांना आत नेले ते लेखनानेच. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि १९०९ मध्ये त्यांचा जातिसंस्थेच्या इतिहासावरचा इंग्रजी ग्रंथ छापून आला. ज्ञानकोशकार म्हणून आपण त्यांना ओळखतो ते नंतरचे. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांची मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडीस यांनी परदेशी शिष्यवृत्तीसाठी निवड केली, ती मुंबई शहरावर त्यांनी लिहिलेला निबंध वाचून. घुर्ये केंब्रिजला रिव्हर्स यांच्याकडे गेले, रिव्हर्स १९२२ मध्ये वारले तेव्हा हॅडन यांच्याकडे काम पुरे केले आणि १९२४ पासून मुंबईचा समाजशास्त्र विभाग सांभाळला. इरावती कर्वे त्यांच्याच विद्यार्थिनी. १९२८ मध्ये त्या बर्लिनला गेल्या, तेव्हा सासरे महर्षी कर्वे यांचा विरोध होता आणि पैसा जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जाचा होता. म्हणजे घरचा विरोध आणि उसना पैसा या अडचणी काही बीडच्या मुलीने आज नव्याने शोधलेल्या नाहीत.

पण या सगळ्यांत आजच्या अर्जदाराने बसून, पेन्सिल हातात घेऊन वाचावा असा एकच दस्तऐवज आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला पोचले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरीही ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींची यंत्रणा, उगम आणि विकास यांवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला. वय २५. जातीचा चटका या माणसाइतका त्या वर्गात कुणालाच बसलेला नव्हता. शाळेत पाण्याला शिवू न दिल्याची आठवण सांगितली असती तर सगळा वर्ग गलबलला असता. निबंधात ती नाही. आहे ते सेनार, नेसफील्ड, रिस्ली आणि केतकर यांच्या व्याख्या एकेक करून तपासणे, त्यांत कुठे काय सुटले ते दाखवणे, आणि मग स्वतःचे म्हणणे: बहिर्विवाहाच्या समाजावर अंतर्विवाह लादला की जात तयार होते, आणि गट बंद ठेवायचा तर त्यातल्या स्त्री-पुरुषांच्या संख्येचा मेळ बसवावा लागतो. नवरा मेलेली बाई आणि बायको मेलेला पुरुष हे त्या हिशेबातले ‘जादा’ घटक. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह हे तो मेळ बसवण्याचे उपाय. स्वतःच्या आयुष्यातले प्रसंग त्यांनी लिहिले ते सुमारे वीस वर्षांनी, ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये; तो वेगळा लेखनप्रकार होता आणि त्याचे काम वेगळे होते. दुःख कमी होते म्हणून ते निबंधात आले नाही असे कोण म्हणेल? त्या दुःखाने प्रश्न दिला, आणि प्रश्न मिळाल्यावर पानावर युक्तिवाद आला.

आज बीडमधून जाणाऱ्या एसओपीचा साचा याच्या बरोबर उलटा असतो, आणि त्यात दोष अर्जदाराचा कमीच. त्याला सल्ला देणारे सांगतात की तुझी ‘स्टोरी’ लिही. मग पहिल्या परिच्छेदात दुष्काळ येतो, दुसऱ्यात आईवडिलांच्या हातातला कोयता, तिसऱ्यात कंदिलाखालचा अभ्यास, आणि शेवटी समाजासाठी काहीतरी करण्याची इच्छा. शिष्यवृत्तीच्या काही अर्जांना हे चालते, कारण तिथे नेतृत्व आणि गरज पाहतात. मानवशास्त्राच्या विभागात वाचणारा प्राध्यापक हळहळतो आणि पुढचा अर्ज उघडतो, कारण या विद्यार्थ्याबरोबर पाच-सहा वर्षे कशावर बोलायचे ते त्याला कळलेले नसते. कुणी म्हणेल की ही निर्दयता झाली. ज्याच्या आयुष्यात हे घडले त्याने ते लपवायचे का? लपवू नये. पण आयुष्य हा पुरावा म्हणून आणायचा की दयेचा अर्ज म्हणून, हे ठरवावे लागते.

जवळून पाहू. ऊसतोडीत मजुरीचा हिशेब माणसावर नाही, जोडीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम हंगामाआधी उचल देतो ती या जोडीला. हंगामात दिवस बुडाला तर खाडा लागतो, म्हणजे मजुरी जातेच आणि वर दंड कापला जातो. बीडमध्ये वाढलेल्या मुलाला हे इतके ठाऊक असते की ते लिहिण्यासारखे आहे असे त्याला वाटतच नाही. तो लिहितो, ‘ऊसतोड कामगारांचे शोषण होते.’ यात प्रश्न नाही. हे सगळ्यांना मान्य असलेले विधान आहे. त्याऐवजी त्याने असे विचारले तर: मजुरीचे एकक जर जोडपे असेल, तर लग्न हा कामावर लागण्याचा दाखला होतो का? कोवळ्या वयातल्या लग्नांमागे परंपरा किती आणि उचलीचे गणित किती? नवरा वारल्यावर बाई अर्धा कोयता होते, तेव्हा राहिलेली उचल कुणाच्या डोक्यावर जाते, दिराच्या, मुलाच्या, की माहेरच्या? आणि पाळीच्या दुखण्याने चुकलेल्या दिवसाचा खाडा गर्भाशय काढण्याच्या निर्णयात कुठे बसतो? हे प्रश्न घेऊन तो १९१६ च्या त्या निबंधाशी थेट बोलू शकतो, कारण लग्न हे संख्येचा मेळ बसवण्याचे साधन आहे हे तिथेच मांडले आहे. यान ब्रेमन यांच्याशीही बोलू शकतो. दक्षिण गुजरातेत खानदेशातून येणाऱ्या तोडणी मजुरांचा त्यांनी अभ्यास केला आणि स्थानिक मजूर असताना कारखाने बाहेरचे का आणतात, ते दाखवले. बी. एस. बाविस्कर यांचा कोपरगावचा आणि डोनाल्ड अॅटवूड यांचा पश्चिम महाराष्ट्रातला सहकारी साखर कारखान्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध आहे. दोघांचेही लक्ष मुख्यतः सभासद शेतकऱ्यांवर आणि कारखान्याच्या राजकारणावर. फडावरच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहणारी जोडी त्या चित्रात कडेला आहे. ती मध्यभागी आणली तर सहकाराची गोष्ट कशी बदलते? एवढे दोन परिच्छेद नीट लिहिले तर वाचणाऱ्याला कळते की हा विद्यार्थी केवळ माहिती घेऊन आलेला नाही.

अशी मांडणी बीडमध्ये सुचत का नाही, याचे उत्तर बुद्धीत शोधणे हा अपमान आहे. थोडा इतिहास आणि बरीचशी सध्याची व्यवस्था पाहावी. मुंबई-पुण्यात घुर्ये-कर्वे घडत होते तेव्हा बीड निजामाच्या राज्यात होते. उच्च शिक्षण म्हणजे दूर हैदराबादचे, १९१८ पासूनचे उर्दू माध्यमाचे उस्मानिया विद्यापीठ. या मुलखातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज-उल-हसन यांचा जाडजूड ग्रंथ १९२० मध्ये आला, तो राज्यकारभाराला उपयोगी पडावा अशा धाटणीचा: जातीचे नाव, पोटजाती, विवाहाचे नियम, अंत्यविधी. इथले लोक त्यात नोंदी म्हणून आले, लिहिणारे म्हणून नाही. १९५० मध्ये औरंगाबादला बाबासाहेबांनी महाविद्यालय काढले, पुढे ते मिलिंद म्हणून ओळखले गेले; १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झाले. म्हणजे संशोधनाची परंपरा तयार व्हायला इथे उणीपुरी दोन पिढ्यांची मुदत मिळाली आणि त्यातलाही पहिला भाग पदव्या वाटण्यात गेला. त्याची खूण अजून शोधप्रबंधांच्या शीर्षकांत दिसते. ‘अमुक घटकाच्या सामाजिक व आर्थिक स्थितीचा चिकित्सक अभ्यास: विशेष संदर्भ बीड जिल्हा’ हे शीर्षक ज्याने पाहिले नाही असा मराठवाड्यातला पदव्युत्तर विद्यार्थी सापडणार नाही. ‘अमुक’च्या जागी काहीही घाला, प्रबंध तयार. ‘स्थिती’चा अभ्यास करणाऱ्याला काही सिद्धही करावे लागत नाही आणि कुणाचे खोडावेही लागत नाही. सिराज-उल-हसन यांच्या नोंदवहीचाच हा वारसा, फक्त आता तो आपण आपल्याच हाताने चालवतो.

व्यवस्थेचा दुसरा भाग शिफारसपत्राचा. परदेशी विभागाला पत्र हवे असते ते विद्यार्थ्याचे लेखन आणि विचार जवळून पाहिलेल्या शिक्षकाचे. आपल्याकडे जागा रिकाम्या. शिकवणारे पुष्कळसे तासिका तत्त्वावर, यंदा इथे तर पुढच्या वर्षी दुसऱ्या गावी. ज्याची स्वतःची नेमणूक नऊ महिन्यांची, तो विद्यार्थ्याला तीन वर्षे ओळखणार कसा? मग पत्र येते ते प्राचार्यांच्या लेटरहेडवर: सदर विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात अमुक ते अमुक वर्षांत शिकत होता, त्याची वर्तणूक चांगली आहे, भावी आयुष्यासाठी शुभेच्छा. हा चारित्र्याचा दाखला झाला. पत्र लिहिणाऱ्याच्या मनात विद्यार्थ्याविषयी खरी आपुलकी असते, पण त्याने कोणता निबंध लिहिला, त्यात काय नवे होते, कुठे तो अडला आणि कसा सुटला, यातले काही सांगायला मुळात निबंधच झालेला नसतो. लेखन नाही म्हणून नमुना नाही, नमुना नाही म्हणून पत्रात मजकूर नाही. पैशाची गोष्ट याच्या नंतर येते.

पैशाची गोष्ट क्षुल्लक मात्र नाही, आणि ती क्षुल्लक आहे असे सांगणारे बहुधा शहरातले असतात. अमेरिकेतल्या एका विभागाला अर्ज करायला ७५ ते १२५ डॉलर लागतात; आठ ठिकाणी केला तर सत्तर हजारांच्या आसपास गेले. इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार वेगळे. २०२४ च्या जानेवारीत ऊसतोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवण्याचे ठरले, तरी तो टनाला पावणेचारशेच्या आतच राहिला. त्या दराने एका परीक्षेचे शुल्क म्हणजे जवळपास पन्नास टन ऊस, एका कोयत्याचे तीन-चार आठवडे. हा अडथळा खरा आहे. पण या हिशेबात एक विचित्र गोष्ट दडलेली आहे: दिसायला सगळ्यात महाग वाटणारी वाट गरीब विद्यार्थ्याला सगळ्यात स्वस्त पडू शकते. अमेरिकेतल्या चांगल्या विभागांत पीएचडीला निवडले तर शुल्क माफ होते आणि वर पाच-सहा वर्षे निर्वाहवेतन मिळते. अर्जाचे शुल्क माफ करण्याची सोयही अनेक विद्यापीठांत असते, फक्त मुदतीच्या आधी मागावी लागते. ब्रिटनमधली एक वर्षाची एमए मात्र विकतची, आणि तिथे सरकारी शिष्यवृत्तीवाचून इलाज नाही. राज्य सरकारची अनुसूचित जातींसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी वेगळी योजना आहे, आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ने सुरू केलेल्या योजनेला सयाजीराव गायकवाडांचेच नाव आहे. या योजना जागतिक क्रमवारीत विद्यापीठाचा क्रमांक पाहतात. क्रमवारी सबंध विद्यापीठाची असते; दक्षिण आशियावर काम करणारा उत्तम विभाग खालच्या क्रमांकाच्या विद्यापीठात असू शकतो आणि वरच्या विद्यापीठात मराठवाड्याविषयी ऐकलेला एकही प्राध्यापक नसू शकतो. अर्जदाराला मग विषय सोडून क्रमांकामागे धावावे लागते.

केंद्राच्या योजनेत तर याहून मोठी गोम आहे. अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्यासाठीच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या १२५ जागा. त्यांतल्या भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर यांना मिळून सबंध देशात चार. २०२२ मध्ये या योजनेच्या नियमांत एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारताविषयीचा सामाजिक अभ्यास यांवरच्या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. सरकारी बाजू अशी की भारताचा अभ्यास करायला परदेशी जायचे कशाला, साधने तर इथेच आहेत. वरवर पटणारा हा युक्तिवाद मानवशास्त्राला लावून पाहिला की कोसळतो. साधने इथे आहेत म्हणूनच विद्यार्थी इथे परत येऊन एक-दीड वर्ष मुक्काम ठोकतो. परदेशी तो जातो ते तुलनेसाठी, वाचनासाठी आणि वादासाठी. क्यूबामधला किंवा ब्राझीलमधला ऊस तोडणारा मजूर कसा बांधला जातो हे ठाऊक असलेल्या माणसासमोर बसल्यावर बीडची उचल वेगळी दिसू लागते. हेच कलम बडोद्याच्या शिष्यवृत्तीला असते तर १९१६ चा तो निबंध लिहिला गेला नसता. हे कलम रद्द झाले पाहिजे.

दुसरा आक्षेप अभ्यासकांच्या गोटातूनच येतो: आतल्या माणसाला आपला समाज नीट दिसत नाही. केतकरांविषयी लिहिताना आंबेडकरांनी याचे उत्तर देऊन ठेवले आहे. हा अभ्यासक इथलाच असून चिकित्सक नजरेने आणि मोकळ्या मनाने पाहतो, ही त्याची जमेची बाजू, असे त्यांनी मानले आणि तरी त्याची व्याख्या जिथे अपुरी पडली तिथे दुरुस्त केली. माझे म्हणणे थोडे पुढचे आहे. बीडमध्ये ‘आतला’ असा एक माणूस नाहीच. वंजारी, मराठा, बौद्ध, मुस्लिम, धनगर, बंजारा, पारधी यांच्या वस्त्या एकाच शिवारात असतात, पण मराठा बागायतदाराचा मुलगा पारध्यांच्या पालावर जितका परका, तितकाच बर्लिनहून आलेला. आणि ज्याचा चुलता मुकादम आहे त्या मुलाला टोळीतला मजूर खरे काय सांगेल? आतलेपणाचे भांडवल करण्याआधी आपण नेमके कुणाच्या आतले, हे एसओपीत दोन वाक्यांत सांगता आले तर अर्धी लढाई जिंकली. अतिपरिचयाने नजर बोथट होते, हे खरे. केज तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक काढतात. दर वर्षी ती बातमी येते, लोक हसतात, विसरतात. ज्या समाजात जावयाला पाटावर बसवून धोंड्याच्या महिन्यात अनारशांचे वाण देतात, त्याच समाजात वर्षातला एक दिवस त्याचीच फजिती का? रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी १९४० मध्ये थट्टेच्या नात्यांवर लिहिलेला लेख वाचलेला मुलगा या बातमीवर हसून थांबणार नाही. परिचय आणि वाचन एकत्र आले की आतला माणूस बाहेरच्याच्या पुढे जातो.

इंग्रजीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. अडचण आहे, पण ती भाषेची दिसते तेव्हा बहुधा विचाराची असते. मराठीत ज्याचा युक्तिवाद उभा राहिला त्याचे इंग्रजी वर्षभराच्या कष्टाने कामापुरते होते, उलट कधीच होत नाही. शिवाय मराठवाड्यावर काम करायचे म्हणून अमेरिकन विद्यार्थी पुण्यात ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’च्या वर्गात मराठीची बाराखडी गिरवत बसतात, आणि बीडचा विद्यार्थी अर्जातल्या भाषांच्या रकान्यात आपली मराठी, दखनी किंवा गोरमाटी लिहायची की नाही या संकोचात असतो.

सगळ्यात जड आक्षेप घरातून येतो आणि तो खोटा नाही. यातून नोकरी काय? बीडच्या मुलाला मानवशास्त्र भेटते ते बहुधा लोकसेवा आयोगाचा वैकल्पिक विषय म्हणून: दोन पेपर, ५०० गुण, पुण्यातल्या खोलीत पाठ केलेली नातेव्यवस्था. निदान तिथे एक पद तरी दिसते. अमेरिकेत या विषयात पीएचडी झालेल्यांपैकी बहुतेकांना कायम प्राध्यापकी मिळत नाही, आणि २०२५ मध्ये तिथल्या अनेक विद्यापीठांनी पीएचडीच्या जागाच कमी केल्या. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: कर्ज काढून मानवशास्त्र शिकायला कुणी परदेशी जाऊ नये, पूर्ण खर्च मिळत असेल तर जावे, नसेल तर हैदराबाद, पुणे, किंवा शेजारच्या तुळजापुरातली टाटा सामाजिक विज्ञान संस्था ही कमी प्रतीची वाट समजू नये. पण नोकरी नाही म्हणून हा विषय बीडला चैनीचा, हे मान्य करता येत नाही. किती जणींची गर्भाशये काढलेली आहेत हे २०१९ च्या पाहणीने मोजले आणि ते फार महत्त्वाचे काम झाले. शस्त्रक्रियेचा निर्णय कुठल्या रात्री, कुणाच्या बोलण्यावरून, कुणाकडून उसने घेऊन झाला, हे मोजून कळत नाही. त्यासाठी कुणाला तरी हंगामभर कोपीशेजारी राहावे लागते, परतल्यावर गावात राहावे लागते, आणि मग लिहावे लागते. जिल्ह्याविषयीची धोरणे ज्या प्रश्नांवर उभी राहतात ते प्रश्न कुणी विचारले, याला महत्त्व आहे. या शास्त्राचा भूतकाळ काळा आहे, हेही खरे: इरावतीबाईंना बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांनी कवट्या मोजायला बसवले होते, वंशांत उच्चनीच असते हे सिद्ध व्हावे म्हणून. त्यांनी मोजमाप केले आणि तसे काही आढळत नाही असा निष्कर्ष लिहिला. बाहेर उभे राहून केलेल्या निषेधापेक्षा तो प्रबंध मला जास्त परिणामकारक वाटतो.

मग करायचे काय? यवतमाळमधून सुरू झालेल्या ‘एकलव्य’सारख्या संस्था पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना अर्ज भरायला मदत करतात आणि त्यांचे काम मोलाचे आहे, पण अर्जाच्या हंगामात भेटलेला मार्गदर्शक निवेदन सुधारू शकतो, नमुना निर्माण करू शकत नाही. तो महाविद्यालयातच व्हायला हवा, आणि त्याची जागा नव्या शैक्षणिक धोरणाने योगायोगाने दिली आहे. पदवीला आता क्षेत्रप्रकल्प आला आहे, समाजसहभागाचे श्रेयांक आले आहेत, चौथ्या वर्षाला संशोधन आहे. बहुतेक ठिकाणी त्याचे रूपांतर बॅनर धरून काढलेल्या फोटोत आणि स्पायरल बाइंडिंगमध्ये होते. बीड, अंबाजोगाई, परळी, गेवराई, माजलगाव इथल्या समाजशास्त्राच्या शिक्षकांना विनंती एवढीच की यंदा वर्गातल्या दोन मुलांकडून तरी त्या प्रकल्पाचा वीस पानांचा लेख लिहून घ्या. शीर्षकात ‘स्थिती’ नको, प्रश्न हवा. आधीच्या दोन अभ्यासकांची नावे घेऊन त्यांच्याशी कुठे पटत नाही ते लिहायला लावा. मराठीत लिहू द्या. तीनदा परत करा. डिसेंबरात ज्या शिफारसपत्रासाठी तो मुलगा तुमच्याकडे येईल, त्याचा मजकूर तोवर तयार झालेला असेल.